ती जाहिरात आमच्याच पेपरात होती

ही पोस्ट लांब आहे. लिहू की नको करत दोन महिने गेले. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्या नवरा-बायकोला आधी वाचायला दिली, दोघांनी हो म्हटलं, मगच टाकतोय. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील बदललेत, तेव्हा कमेंटमध्ये कोण असेल याचे अंदाज बांधू नका. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात अशी माणसं किती असतील ते आपल्याला ठाऊक नाही, एवढंच लक्षात ठेवा.

माझ्या शाळेतल्या मित्राचा मोठा भाऊ. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. स्वतःचा टेम्पो, वय सत्तेचाळीस, दारू नाही, तंबाखू आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी त्याचा डावा डोळा लाल व्हायला लागला. उजेड सहन होईना. डोळ्यासमोर माश्या उडाल्यासारखे काळे ठिपके फिरायचे. आधी वाटलं धूळ, मग वाटलं नंबर आला असेल. स्टेशनबाहेरच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन चष्मा केला. महिन्याभरात चष्मा लावूनही समोरच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येईना.

मग डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी सांगितलं, डोळ्याच्या आत सूज आहे. थेंब दिले, थोडं बरं वाटलं, थेंब बंद केल्यावर परत तेच. दुसरे डॉक्टर. आपल्या मुंबईत डोळ्याच्या आतली सूज म्हटल्यावर टीबीचा संशय आधी येतो आणि त्यात चूकही काही नाही, म्हणून छातीचा एक्सरे झाला, हातावर टीबीचं इंजेक्शन देऊन तीन दिवसांनी बघून झालं. काही निघालं नाही. तोवर दुसरा डोळाही धूसर व्हायला लागला होता. तेव्हा त्याने मला फोन केला. पत्रकार म्हटल्यावर लोकांना वाटतं याची हॉस्पिटलात ओळख असणार. ओळख वगैरे फार नसते, पण कुठल्या ओपीडीला कुठल्या वारी सकाळी किती वाजता नंबर लावायचा एवढं आम्हाला माहीत असतं. तेवढ्यावर आम्ही एका सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात गेलो.

तिथे एक तरुण निवासी डॉक्टर होती. माझ्या पुतणीच्या वयाची असेल. तिने डोळे तपासले, जुने कागद वाचले आणि मग एकदम वेगळंच विचारलं. "काका, गेल्या वर्षभरात तळहातावर, तळपायावर कधी डाग आले होते का? खाज नसलेले?"

दादा म्हणाला, "आले होते. सिमेंटच्या गोण्यांची अॅलर्जी होती. आपोआप गेले."

"आणि त्याच्या आधी, लघवीच्या जागी एखादी जखम? न दुखणारी?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीकडे बघायला लागलो. डॉक्टरने मला शांतपणे सांगितलं, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

मी बाहेर थांबलो. पंधरा मिनिटांनी दादा हातात रक्ततपासणीचा कागद घेऊन बाहेर आला. चहाच्या टपरीपर्यंत एक शब्द बोलला नाही.

रिपोर्ट आला. व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह. खात्रीसाठी केलेली दुसरी तपासणीही तीच. एचआयव्ही निगेटिव्ह. आजार सिफिलिस. आपल्याकडे जुनी माणसं ज्याला गरमी म्हणायची, आयुर्वेदाच्या पुस्तकात ज्याला उपदंश म्हणतात तो. डोळ्यात.

मला खरंच माहीत नव्हतं. वीस वर्षं बातमीदारी केली, आरोग्याच्या पानावर कितीतरी लिहिलं, पण असला आजार म्हणजे 'तिथलाच' आजार असाच माझाही समज. तो डोळ्यापर्यंत जातो, माणूस आंधळा करू शकतो, हे त्या दिवशी कळलं. मग मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं, ते जमेल तसं सांगतो.

या आजाराचा जंतू स्क्रूसारखा पिळाचा असतो. तो शिरतो त्या जागी साधारण तीन आठवड्यांनी एक जखम होते. कधी दहा दिवसांत, कधी तीन महिन्यांनी. गंमत अशी की ती दुखत नाही. आणि काहीही केलं नाही तरी तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते. माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. पण जंतू तोवर रक्तातून सगळीकडे पोचलेला असतो. मग काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येतं, तळहात-तळपायावर डाग येतात, बारीक ताप, गाठी, कधी केस जातात. तेही आपोआप जातं. त्यानंतर काहीच नाही. कित्येक वर्षं काहीच नाही. माणूस धडधाकट हिंडतो, रक्त मात्र पॉझिटिव्ह.

आणि या सगळ्या प्रवासात तो कुठेही मुक्काम करू शकतो. डोळ्यात गेला तर दादासारखं होतं. कानात गेला तर कानात आवाज येतात, चक्कर येते, ऐकू येणं कमी होतं. काहींच्या यकृताला सूज येते आणि कावीळ समजून उपचार चालतात. काहींच्या मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून जायला लागतात, पाय सुजतात. मेंदूवर, मज्जारज्जूवर परिणाम होतो, कमी वयात लकवा येतो, स्वभाव बदलतो, स्मरणशक्ती जाते. आणि दहा-वीस-तीस वर्षांनी, उपचार न झालेल्या काही माणसांत, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची भिंत पोखरली जाऊन ती फुग्यासारखी फुगते. तेव्हा त्या माणसाला तरुणपणीची ती न दुखणारी जखम आठवतही नसते.

जुने डॉक्टर या आजाराला नकलाकार म्हणत. मला आपला बहुरूपी आठवला. लहानपणी गावाला दारात यायचा, कधी पोलीस, कधी पोस्टमन. ओळखला की हसून निघून जायचा. हा ओळखल्याशिवाय जात नाही, एवढाच फरक.

आता मुद्द्यावर येतो. ही पोस्ट खरं तर डोळ्याबद्दल नाही.

दादा अॅडमिट झाला. डोळ्यातला सिफिलिस म्हणजे मेंदूजवळचा, म्हणून साधं इंजेक्शन पुरत नाही. चौदा दिवस शिरेतून पेनिसिलिन, दर चार तासांनी. रात्री दोनलाही, पहाटे सहालाही. पहिल्याच रात्री थंडी वाजून ताप भरला. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की एकदम इतके जंतू मेले की असा ताप येतो, घाबरू नका. तरी आम्ही घाबरलोच.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी रात्री सोबतीला होतो. वॉर्डातले दिवे बंद झाले होते. दादाने आपणहून सगळं सांगितलं. बाहेरगावी गाडी घेऊन गेला असताना एकदा झालेली गोष्ट. एकदाच, असं तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं. महिन्याभराने जखम दिसली. घरच्या डॉक्टरकडे जायची लाज, कारण ते वहिनीच्या माहेरचे ओळखीचे. सरकारी दवाखान्यात जावं तर रांगेत कोणी भेटेल. मग तो एका 'गुप्तरोग तज्ज्ञा'कडे गेला. रेल्वे स्टेशनपासून पाच मिनिटांवर, पहिला मजला, दाराला पडदा, ओळख पूर्ण गुप्त. त्याने ना रक्त तपासलं, ना नीट बघितलं. "शरीरात उष्णता भरलीय" म्हणाला आणि चाळीस दिवसांचा कोर्स दिला. सहा हजार रुपये. काळ्या गोळ्या आणि एक पावडर, सोबत आंबट, तेलकट बंद.

आणि पाचव्या आठवड्यात जखम बरी झाली!

बरी होणारच होती. पाणी पिऊन बसला असता तरी बरी झाली असती. पण दादाला वाटलं औषधाने गुण आला. त्याने त्या माणसाला पेढे नेऊन दिले. खोटं सांगत नाही. पेढे. आता समजतं ना हा धंदा इतकी वर्षं का चालतो? या आजाराचा स्वभावच असा आहे की प्रत्येक टप्प्यावर तो स्वतःहून लपतो, आणि त्याच्या लपण्याचं श्रेय भोंदू खिशात घालतो. ना तक्रार, ना कोर्ट, ना कोणी पैसे परत मागायला येत. बोंब मारायची तर आधी स्वतःचं नाव सांगावं लागतं.

मी वैतागून म्हटलं, "दादा, अरे तुला त्याच्याकडे पाठवलं कोणी?"

तो अंधारात थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कोणी नाही. तुमच्या पेपरात होतं. तुमच्या पेपरात आहे म्हटल्यावर खरं असणार ना."

मित्रांनो, ती जाहिरात मला पाठ होती. चौथ्या पानावर खाली उजवीकडे, दोन कॉलमची चौकट. आमच्यासारख्या छोट्या साप्ताहिकात पगार नावालाच असतो, बातमीदारच जाहिराती आणतो आणि त्यावर कमिशन घेतो. ही जाहिरात मीच आणली होती. अंकाला हजार रुपये, त्यावर मला पंधरा टक्के. वर्षाचे बावन्न अंक, चार वर्षं. त्या रात्री वॉर्डात बसून मी मोबाइलवर हिशेब केला. एकतीस हजार दोनशे रुपये. शाळा-क्लासवाले सहा-सहा महिने बिल थकवतात, बिल्डरचे चेक परत येतात, नगरसेवकांच्या वाढदिवसाचे पैसे पुढच्या वाढदिवसाला मिळतात. हा माणूस एकटा आगाऊ द्यायचा. रोख. मी त्याला सभ्य गिऱ्हाईक म्हणायचो.

त्यातल्या पैशांनी मी मुलाची फी भरली आहे. लपवण्यात अर्थ नाही.

आणि माहीत नव्हतं असंही म्हणू शकत नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला माध्यमांचे कायदे होते. त्यात 'औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४' होता. पाच मार्कांची टीप यायची. मी ती लिहून पास झालो आहे. त्या कायद्याला आजारांची एक यादी जोडलेली आहे. या आजारांवर उपचार करतो, बरं करतो अशी औषधाची जाहिरात करायची नाही. त्या यादीत सिफिलिस, गोनोरिया वगैरे गुप्तरोग नावानिशी आहेत. आणि बंदी फक्त जाहिरात देणाऱ्यावर नाही. जाहिरात प्रसिद्ध करण्यात जो कोणी भाग घेईल त्याच्यावर आहे. म्हणजे छापणाऱ्यावर. म्हणजे आणणाऱ्यावर. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पुढच्या गुन्ह्याला वर्षापर्यंत. सत्तर वर्षं झाली या कायद्याला. आणि लोकलच्या डब्यात दाराजवळ, मुतारीच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, फ्लायओव्हरच्या खाली ते कागद चिकटलेले आपण सगळे रोज बघतो. बघून बघून दिसेनासे झालेत.

याच मुंबईत, गिरगावात, एक माणूस याच विषयावर उघडपणे लिहीत होता आणि त्याचं आपण काय केलं तेही आठवा. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. कॉलेजची नोकरी गेली. १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. गुप्तरोग कसे होतात, कसे टाळायचे, निरोध का वापरायचा, हे त्यांनी स्वच्छ मराठीत लिहिलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. खरी माहिती छापणाऱ्याला दंड. आणि खोटी माहिती छापणाऱ्या माझ्यासारख्याला पंधरा टक्के.

हा आजार आला की बोट दुसरीकडे दाखवायचं, ही सवयही जुनीच. पंधराव्या शतकाच्या शेवटी तो युरोपात पसरला तेव्हा इटलीवाले त्याला फ्रेंचांचा आजार म्हणाले, फ्रेंच त्याला नेपल्सचा आजार म्हणाले. आपल्याकडे पोर्तुगीज आले, त्यानंतरच्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याचं नाव काय, तर फिरंग रोग. पुढे इंग्रजांनी १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा आणला, तो मुंबईतही लागू झाला. त्यात देहविक्री करणाऱ्या बायकांची सक्तीने नोंदणी, सक्तीने तपासणी, आजारी निघाली तर रुग्णालयात डांबणं. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची तपासणी? नाही. १८८८ मध्ये तो रद्द झाला. कायदा गेला, डोकं तेच राहिलं. आजही अशी बातमी आली की आपण आधी विचारतो, कोणाकडून झाला? कुठे कुठे गेला असेल हे विचारत नाही.

तो वहिनीकडे गेला होता.

हा भाग लिहिताना हात थांबतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बायकोची तपासणी करायलाच हवी. दादा मला म्हणाला, "तू सांग तिला. सांग की डोळ्याच्या आजारात घरच्या सगळ्यांचं रक्त तपासतात. तुझ्यावर तिचा विश्वास आहे." आणि मी तयार झालो होतो! खरंच. मला वाटलं संसार वाचतोय, एक खोटं बोललं तर काय बिघडलं. तिथल्या समुपदेशक बाईंनी मला अडवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगायचं नाही. त्यांनी सांगायचं. तिच्या शरीराची गोष्ट आहे, तिला खोटं सांगून सुई टोचायची नाही. पाहिजे तर मी शेजारी बसते." त्या शेजारी बसल्या. दादाने सांगितलं. मी जिन्यात उभा होतो.

वहिनी ओरडली नाही. बराच वेळ काही बोलली नाही म्हणे. मग तिने पहिला प्रश्न विचारला, "मुलीला काही असेल का?"

मुलीला काही नव्हतं, ती बारा वर्षांची, संसर्ग आत्ताचा. वहिनीचं रक्त मात्र पॉझिटिव्ह आलं. तिला काहीही त्रास नव्हता. एक डाग नाही, एक जखम नाही. "मला तर काहीच होत नाही," असं ती तीन-चारदा म्हणाली. कधी झाला ते नक्की सांगता येईना, म्हणून आठवड्याला एकदा असं तीन आठवडे तिला बेंझाथिन पेनिसिलिन दिलं. दर वेळी दोन्ही कमरेत एकेक सुई. दुखतं ते इंजेक्शन. ती रिक्षाने एकटी यायची, एकटी जायची. मी एकदा सोडायला येतो म्हटलं तर म्हणाली, "भाऊजी, तुम्ही दोघं मित्र-भाऊ एकमेकांना सांभाळा. माझं मी बघते." त्यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

याच काळात एका ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोललो. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट बायकांनी तरी वाचावी. गोनोरिया किंवा क्लॅमिडिया नावाचा संसर्ग बायकांमध्ये बऱ्याचदा गुपचूप गर्भाशयातून नळ्यांपर्यंत चढतो. तिथून पोटात पसरून काहींच्या यकृताच्या वरच्या आवरणाला सूज येते. मग दुखतं कुठे, तर उजव्या बरगडीखाली. श्वास घेतला की, कूस बदलली की कळ. सगळ्यांना वाटतं पित्ताशयातला खडा. सोनोग्राफी नॉर्मल. अॅसिडिटीच्या गोळ्या. फिटनेसवाले सांगतात स्नायू धरलाय. शेवटी कोणी दुर्बिणीतून पोटात बघितलं तर यकृत आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये व्हायोलिनच्या तारांसारखे ताणलेले बारीक धागे दिसतात. क्वचित दिसणारी गोष्ट आहे, आणि आपल्याकडे टीबीनेही असं होऊ शकतं, त्यामुळे बरगडीखाली दुखलं की लगेच हाच आजार समजू नका. पण त्या म्हणाल्या ते लक्षात ठेवा: बाई बरगडीचं सांगते, अंगावरून पांढरं जातंय ते सांगत नाही. आणि डॉक्टरही विचारत नाही. हा संसर्ग तसाच राहिला तर नळ्या बंद होतात, मूल राहत नाही, आणि मग त्याचा दोषही तिच्याच माथी.

ही मुंबईची किंवा गावाची गोष्ट नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी एक तरी काहीतरी होतं. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका किती? आठ टक्के. जगभर त्या अभ्यासाने खळबळ झाली. तो काळ वेगळा, गावं वेगळी. पण अंगावर काढायची आपल्या घरातल्या बायकांची सवय आणि काढू द्यायची आपली सवय, ती फार बदललीय असं मला माझ्या आजूबाजूला तरी दिसत नाही.

आता चांगली बातमी, कारण ती आहे.

सिफिलिस पूर्ण बरा होतो. पेनिसिलिन सापडून जवळपास शंभर वर्षं झाली, १९४३ पासून ते या आजारावर वापरतात, आणि इतक्या वर्षांत हा जंतू पेनिसिलिनला दाद न देणारा झालेला नाही. आपल्या पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तो पेनिसिलिनसाठीच. लवकर सापडला तर एका दिवसाच्या इंजेक्शनवर काम भागतं. दादाला ते पहिल्या महिन्यात मिळालं असतं तर डोळ्यापर्यंत गोष्ट गेलीच नसती. सहा हजार आणि दोन डोळे कशासाठी घालवले, तर रांगेत कोणी ओळखीचं भेटेल म्हणून.

सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तपासणी, समुपदेशन, औषधं मोफत. नाव गुप्त ठेवतात, आणि खरंच ठेवतात. तिथे लक्षणाप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची औषधांची पाकिटं असतात, डॉक्टर बघून त्यातलं देतात. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ हा सरकारी मोफत फोन आहे, एचआयव्हीसाठीचा म्हणून माहीत असेल, पण अशा आजारांचंही विचारता येतं. घरात कोणी गरोदर असेल तर पहिल्या तपासणीत व्हीडीआरएल झाली का ते रिपोर्टवर स्वतः बघा. आईचा आजार राहिला तर बाळ पोटात जाऊ शकतं, किंवा जन्मतः आजारी निघतं. वेळेवर कळलं तर पेनिसिलिननेच दोघंही वाचतात. आणि कोणाचा डोळा, कान, विनाकारण महिनोन्महिने बरा होत नसेल तर डॉक्टरला नम्रपणे विचारा, ही एक रक्ततपासणी करून बघू का? विचारल्याने कोणाचं चारित्र्य जात नाही.

दादाचा उजवा डोळा आता जवळजवळ ठीक आहे. डाव्याने अजून धूसर दिसतं, पूर्ण परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. रात्रीची गाडी बंद केली. टेम्पोवर ड्रायव्हर ठेवलाय, स्वतः गोडाऊनला हिशेब बघतो. सहा महिन्यांनी रक्त तपासलं, आकडा एकास एकशे अठ्ठावीसवरून एकास आठवर आलाय, म्हणजे औषध लागू पडलं. वहिनी त्याच घरात आहे. माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखं 'भाऊजी, चहा घेऊन जा' म्हणत नाही. तो तिचा हक्क आहे.

माझं काय? हॉस्पिटलातून आल्यावर मी मालकांना सांगितलं, ही जाहिरात बंद करायची. ते म्हणाले, "मग पेपर काय हवेवर छापायचा? आपण नाही घेतली तर दुसरा घेईल." दुसऱ्याने घेतली, हे खरंच झालं. मी पुन्हा म्हटलं, घेऊ दे. मी कायद्याचा कागद काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, यात तुम्ही आणि मी दोघंही येतो. तेव्हा बंद झाली. चौथ्या पानावर खाली उजवीकडे त्या आठवड्यात मी विनामोबदला १०९७ चा नंबर आणि सुरक्षा क्लिनिकची माहिती लावली. अजून लागते. मालक दर अंकाला कुरकुरतात. अन्न व औषध प्रशासनाकडे भिंतींवरच्या आणि लोकलमधल्या पत्रकांबद्दल फोटोंसकट लेखी अर्ज दिलाय, पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलं की इथेच टाकीन.

एकतीस हजार दोनशेचं काय करायचं हा प्रश्न आहे. दादाला द्यायला गेलो तर त्याने घेतले नाहीत. म्हणाला, "तुझ्याकडेच ठेव. आठवण राहील."

दोन विनंत्या. एक, इनबॉक्समध्ये लक्षणं लिहून, फोटो पाठवून उपाय विचारू नका, मी डॉक्टर नाही. पाहिजे तर सोबत येतो, बाहेर बाकड्यावर बसतो. दुसरी, या पट्ट्यात जे जे छोटे पेपर, यूट्यूब चॅनल, केबलवाले आहेत, आणि तुमच्यातले निम्मे माझे मित्र आहेत, त्यांनी आपापलं चौथं पान एकदा बघा.

ही पोस्ट दादाने मोबाइलवर अक्षर खूप मोठं करून, डावा डोळा मिटून वाचली. वाचून झाल्यावर म्हणाला, पेढ्यांचं लिहिलंस ते बरं केलंस.